केशवसुतांची शेवटची शाळा धारवाडची

आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचे नाव आपण शाळेत पाठ करतो, त्या केशवसुतांची शेवटची नोकरी धारवाडच्या सरकारी हायस्कुलात होती आणि त्यांचा शेवट हुबळीत झाला. ही दोन्ही गावे आपल्याला परकी नाहीत. दवाखाना, कोर्टकचेरी, सोयरीक यांसाठी आपली माणसे तिकडे जातच असतात. तरीही आमच्या समितीच्या कविता स्पर्धेला येणाऱ्या आठवी ते दहावीच्या मुलांना केशवसुत कोणते म्हणून विचारले, तर ‘तुतारी’वाले यापलीकडे उत्तर मिळत नाही. यंदाच्या मराठी भाषा गौरव दिनाला स्पर्धेचे नियम नव्याने ठरवायला आम्ही बसलो, तेव्हा हा माणूस हायस्कुलात असताना नेमका कसा होता, याचीच चर्चा जास्त झाली. ती वाचकांपुढेही ठेवावी असे वाटले.

कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचा. वडील मराठी शाळेत शिक्षक. वडिलांच्या नावावरूनच त्यांनी केशवसुत हे नाव घेतले. घरात बुद्धीला कमतरता नव्हती. ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिणारे मोरो केशव दामले हे त्यांचे धाकटे भाऊ. दुसरे भाऊ सीताराम केशव हे पत्रकार आणि कादंबरीकार. कृष्णाजींचे शिक्षण मात्र एका जागी झालेच नाही. कोकण, बडोदे, वर्धा, नागपूर असे करत ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले. नागपुरात रेव्हरंड टिळकांची ओळख झाली, हा त्या फिरतीतला एक लाभ. लग्न पंधराव्या वर्षीच झाले होते. मॅट्रिक व्हायला १८८९ साल उजाडले, म्हणजे वय तेवीस. मधल्या काळात नापासाचा शिक्काही बसला. स्वभाव एकलकोंडा, चारचौघांत बोलायला संकोच. आजच्या आमच्या स्पर्धेत हा मुलगा व्यासपीठावर उभा राहिला असता, तर हावभाव आणि आवाजाचे गुण त्याला फारसे मिळाले नसते.

पण याच हायस्कूलच्या वर्षांत त्यांनी काय लिहिले ते पाहावे. १८८७ साली कोकणातल्या घराची आठवण काढणारी एक कविता लिहिली. घर सोडून शिकायला गेलेल्या कोणत्याही मुलाला ती आपली वाटेल अशी आहे. १८८८ मध्ये ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ आली. सावली पडली म्हणून हाकललेले एक पोर घरी येऊन आईला काय विचारते, एवढाच तिचा विषय. त्या काळी कवितेत असा मुलगा यायचा नाही. यायचे ते देव, राजे आणि संस्कृत काव्यांतल्या नायिका. १८८९ मध्ये, मॅट्रिकच्याच वर्षी, ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ लिहून झाली. कुणी विषय दिला नव्हता, बक्षीस लावले नव्हते. जे डोळ्यांसमोर होते ते त्यांनी लिहिले. ‘तुतारी’ त्यानंतरची, १८९३ची, मुंबईतली. तिची चाल खणखणीत म्हणून ती आपल्या स्पर्धांत गाजते, आणि बाकीच्या कविता पुस्तकातच राहतात.

मुंबईतली वर्षे ओढगस्तीची. शिकवण्या, तात्पुरत्या नोकऱ्या, कायम असे काही नाही. कविता जळगावच्या ‘काव्यरत्नावली’त आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये छापून येत. इंग्रजी कविता वाचून चौदा ओळींचा सॉनेट हा प्रकार त्यांनी १८९२च्या सुमारास मराठीत आणला. पुढे त्यालाच आपण सुनीत म्हणू लागलो. परक्या भाषेतला साचा घेतला म्हणून मराठी बाटली नाही, हे आमच्याकडच्या काही मंडळींनी जरा ध्यानात घ्यावे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि ते खानदेशात गेले. भडगावला व पुढे फैजपूरला शाळेत शिक्षक, शिक्षकाची परीक्षा दिली, फैजपूरला मुख्याध्यापकही झाले. १९०४ मध्ये धारवाडला बदली झाली, मराठीचे शिक्षक म्हणून. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवली जात होती. १९५६ नंतर आपल्या वाट्याला जे आले ते इथे पुन्हा सांगायला नको. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी. त्याच धारवाडात त्या वर्षी आठ वर्षांचा एक मुलगा वाढत होता. घरची भाषा मराठी, आणि पुढे तो कन्नडचा थोर कवी झाला. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, ज्ञानपीठाचे मानकरी. त्यांनी मराठीतही लिहिले. एका गावात दोन भाषा नांदतात तेव्हा असेही होते.

धारवाडची नोकरी दीड वर्षच टिकली. १९०५च्या नोव्हेंबरात ते हुबळीला नातलगांकडे गेले असता प्लेगने गाठले. ७ नोव्हेंबरला ते गेले, आणि काही दिवसांतच पत्नीही गेल्या. मागे तीन मुली. वय एकोणचाळीस, कविता सव्वाशेच्या वर, आणि हयातीत एकही संग्रह नाही. ‘केशवसुतांची कविता’ हा संग्रह हरिभाऊंनी १९१७ मध्ये काढला. गोविंदाग्रजांनी स्वतःला त्यांचे चेले म्हणवून घेतले. मालगुंडला त्यांचे स्मारक १९९४ मध्ये उभे राहिले, उद्घाटन कुसुमाग्रजांनी केले. आपल्या भागातील शिक्षकांनी मुलांची सहल एकदा तरी तिकडे न्यावी.

आता स्पर्धेविषयी. गेली कित्येक वर्षे आम्ही विषय देत आलो, बहुधा मायबोलीच्या थोरवीचा. मुलेही अमृत, ज्ञानोबा, शिवबा, सह्याद्री हे शब्द ठराविक क्रमाने रचून देतात. त्यात त्यांचा दोष नाही, आम्ही मागितले तेच ते देतात. यंदा विषय दिलेला नाही. उसाची तोड, बंद पडायला आलेली शाळा, बसस्टँडवरची पाटी वाचता न येणारी आजी, जे मुलाला दिसते त्यावर त्याने लिहावे. यमक जुळलेच पाहिजे असेही नाही. आपल्याच शेजारच्या रेंदाळच्या एकनाथ पांडुरंग रेंदाळकरांनी निर्यमक कविता शंभर वर्षांपूर्वी लिहून दाखवली आहे. घरच्या बोलीत कन्नड शब्द येत असतील, तर त्यासाठी गुण कापायचे नाहीत, असे परीक्षकांना लेखी कळवले आहे.

खरा वाद झाला तो कन्नड माध्यमातल्या मुलांवरून. त्यांना प्रवेश द्यावा की नाही? घरी मराठी बोलणारी ही मुले आपल्या गावांत वाढत चालली आहेत. त्यांना देवनागरी नीट लिहिता येत नाही, म्हणून आजवर ती स्पर्धेबाहेरच राहिली. या मुलांना घेतले तर मराठी शाळांचा आग्रह ढिला पडेल, असे काही सभासदांचे म्हणणे होते, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. पण मुलगा मराठीत विचार करतो आणि आपण त्याला लिपीसाठी दाराबाहेर ठेवतो, हे आम्हाला पटेना. अखेर मताधिक्याने ठरले. कन्नड लिपीत लिहून दिलेली मराठी कविताही स्वीकारली जाईल. ती देवनागरीत उतरवून घेण्याचे काम आम्ही शिक्षक करू, आणि उतरवताना मुलाला शेजारी बसवून घेऊ.