कॉर्नेलिया सोराबजी

सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. फ्रान्सिनाबाई सोराबजी यांच्या घरी एके दिवशी गुजरातकडील एक श्रीमंत स्त्री रडत आली. तिच्या कारभाऱ्याने विश्वासघाताने तिची मालमत्ता बळकावली होती. तिचे दुःख पाहून फ्रान्सिनाबाईंची लहानगी मुलगी कॉर्नेलिया हळहळली. अशा स्त्रियांना साहाय्य करावयाचे असेल, तर कायदा शिकला पाहिजे, असे आईने तिला सांगितले. ते शब्द मुलीच्या मनात खोल रुजले.

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. तिचे बालपण बेळगाव व पुणे येथे गेले. वडील धर्मोपदेशक होते, तर आईने पुण्यात शाळा काढल्या होत्या. मुलींनी शिकावे, हा त्या घरचा आग्रहच होता. पुढे कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाली. एक मुलगी आपल्या शेजारी बसून शिकणार, हे काही विद्यार्थ्यांना रुचले नाही. ते तिच्या तोंडावर वर्गाचे दार लावून घेत. तिने मात्र अभ्यासात खंड पडू दिला नाही. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर ठरली. तिचे गुण इतके उत्तम होते की, विलायतेस जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती तिलाच मिळावयाची. परंतु ती स्त्री आहे, एवढ्याच कारणाने ती नाकारण्यात आली.

कॉर्नेलियाबाईंनी काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केले. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल व इतर सहृदय इंग्रज मंडळींनी निधी जमविला आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्ड विद्यापीठात गेल्या.

कायद्याचा अभ्यास म्हणजे केवळ कलमांचे पाठांतर नव्हे. समजा, एखाद्याने वाटेत खड्डा खणून तो उघडाच ठेवला आणि अंधारात त्यात पडून एका वाटसरूचा पाय मोडला. खणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. तरीही वाटसरूचे नुकसान त्याने भरून द्यावयास नको काय? अशा प्रश्नांचा विचार करणाऱ्या शाखेस अपकृत्यांचा कायदा म्हणतात. या शाखेवरील प्रसिद्ध ग्रंथाचे लेखक सर फ्रेडरिक पोलॉक त्या काळी ऑक्सफर्डमध्येच प्राध्यापक होते. त्यांनी हिंदुस्थानसाठीही अशा कायद्याचा मसुदा तयार केला होता. पण तो संमत झाला नाही. म्हणून आपल्या देशात ही शाखा आजही बहुतांशी न्यायाधीशांच्या निर्णयांवर उभी आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला असे असंख्य निर्णय वाचावे लागतात. ऑल सोल्स कॉलेजचे ग्रंथालय तोपर्यंत स्त्रियांना बंद होते. कॉर्नेलियाबाईंना तेथे बसून वाचण्याची अनुमती मिळाली.

१८९२ साली परीक्षेची वेळ आली. पुरुषांबरोबर स्त्रीने बी.सी.एल. या परीक्षेस बसावे की नाही, असा वाद उत्पन्न झाला. अखेर विद्यापीठाने खास ठराव केला. कॉर्नेलियाबाई परीक्षेस बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्रियांना पदवी देण्याचा नियमच नसल्यामुळे त्या पदवीवाचून मायदेशी परतल्या.

येथेही दारे बंदच होती. १८९७ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा दिली, १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही वकिलीची सनद मिळेना. दुसऱ्याच्या हानीची भरपाई कशी करावी हे शिकविणारी विद्या त्यांनी संपादन केली होती. पण त्यांची स्वतःची हानी भरून देणारा कायदा कोठेच नव्हता!

त्या खचल्या नाहीत. पडद्यातील स्त्रिया परपुरुषाशी बोलत नसत, मग त्यांनी वकिलापुढे गाऱ्हाणे तरी कसे मांडावे? या स्त्रियांच्या व अज्ञान वारसांच्या इस्टेटी पाहणाऱ्या सरकारी खात्यात एका स्त्री सल्लागाराची गरज आहे, हे कॉर्नेलियाबाईंनी सरकारला पटविले. १९०४ साली बंगालमध्ये त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम या प्रांतांत हिंडून त्यांनी सुमारे ६०० स्त्रियांना व मुलांना साहाय्य केले.

हळूहळू दारे उघडू लागली. १९२० पासून ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला आणि परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी, १९२२ साली, कॉर्नेलियाबाईंच्या हाती पदवी पडली. १९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना सनद दिली. १९२३ च्या कायद्याने हिंदुस्थानातील सर्व स्त्रियांना वकिलीचा हक्क मिळाला. कॉर्नेलियाबाई कलकत्त्यास वकिली करू लागल्या, तेव्हा त्यांनी पंचावन्नी ओलांडली होती.

स्वातंत्र्याच्या चळवळीस त्यांचा पाठिंबा नव्हता. त्यामुळे अनेक देशबांधव त्यांच्यापासून दुरावले. ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. आज आपल्या न्यायालयांत असंख्य स्त्रिया वकील म्हणून व न्यायाधीश म्हणून काम करतात. त्यांना आत येताना दार ठोठवावे लागत नाही. कारण ते ठोठावण्यात कॉर्नेलियाबाईंनी आयुष्याची तीस वर्षे वेचली होती.