खासगीचा हिशेब

देवी अहिल्याबाईंची ओळख इंदुरातल्या जुन्या घरांना करून द्यावयास नको. देवळे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांची यादी आपल्याकडे मुलांनाही पाठ असते. मला मात्र त्या यादीमागचा हिशेब अधिक मोलाचा वाटतो. होळकरशाहीत दौलत आणि खासगी अशी दोन खाती होती. दौलतीचा पैसा फौजेचा व कारभाराचा. खासगीचे उत्पन्न घराण्यातील स्त्रीच्या हातचे. काशीविश्वेश्वराचे देऊळ सुमारे १७८० साली उभे राहिले, गयेचे विष्णुपद १७८७ साली. बाईंचा हा सारा दानधर्म खासगीतला. देवाच्या नावाने रयतेचा खजिना रिता करणारे राजे थोडे झाले नाहीत. बाईंची श्रद्धा पदरचे मोजून देणारी होती. सत्तेच्या प्रत्येक वापराचा जाब आपणांस ईश्वरापुढे द्यावा लागेल असे त्या मानीत, ही नोंद माल्कमसाहेबाच्या १८२३ सालच्या ग्रंथात आहे.

चौंडीच्या शिंदे पाटलांची ही लेक १७२५ साली जन्मली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. सती जावयास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी मागे फिरविले. १७६६ साली ते गेले, वर्षभरात मुलगा मालेरावही गेला. लष्कर तुकोजीरावांकडे सोपवून बाई महेश्वरी नर्मदाकाठी कारभार पाहू लागल्या.

पावसाळ्यात नर्मदा चढते, घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. पाणी उतरले की गाळ काढून घाट धुवावा लागतो. नदीकाठच्या माणसाला धीर शिकवावा लागत नाही असे म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. पूर ओसरतो, गेलेले माणूस परतत नाही. नातू नाथोबा आधीच गेला होता. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जावयास निघाली. सासऱ्याचा शब्द स्वतः मानलेल्या या आईने लेकीची परोपरीने विनवणी केली, लेक ऐकेना. सत्ता हाती असूनही बाईंनी बळ वापरले नाही. हे बरोबर केले की चूक, यावर माझे मन अजून ठरत नाही. चितेशी त्यांना दोघा ब्राह्मणांनी धरून ठेवावे लागले. तीन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत, अन्नही जवळजवळ घेतले नाही. मग लेकीच्या स्मारकाचे काम त्यांनी काढले. १७९५ च्या ऑगस्टात देह ठेवीपर्यंत महेश्वरचा कारभार त्यांच्याच हाती होता.