नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (जन्म : ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : ९ मे १९१९) हे मराठी कवी, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. निसर्ग आणि बालपण यांवरील कवितांमुळे ते फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जातात. आपली काव्यशक्ती ही ईश्वराने सोपवलेली ठेव आहे, या भावनेने त्यांनी ती मराठी ख्रिस्ती उपासनेच्या सेवेत लावली.

पूर्वायुष्य

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपल्यावर ते नाशिकला गेले आणि तेथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे अध्यापन, कीर्तन, पुराणकथन अशी अनेक कामे त्यांनी केली. पण एका ठिकाणी ते फार काळ रमले नाहीत. लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण मिळाले नव्हते; त्या लिहावाचायला विवाहानंतर शिकल्या.

धर्मांतर

१८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. बराच काळ चिंतन केल्यानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची मोठी किंमत त्यांना द्यावी लागली. नातलग दुरावले आणि लक्ष्मीबाईही काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. कालांतराने त्या पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

सेवा आणि काव्य

धर्मांतरानंतर टिळक अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात सहभागी झाले. तेथे ते धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवीत. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत इंग्रजी गीतांची भाषांतरे परक्या चालींवर गाण्याचा प्रघात होता. खेड्यांतील भाविकांच्या कानांवर ओवी, अभंग आणि भजन यांचे संस्कार होते; भाषांतरित गीते त्यांना आपली वाटत नसत. टिळकांनी ही उणीव ओळखली. वारकरी संतांच्या वाणीवर, विशेषतः तुकारामांच्या अभंगांवर, त्यांची नितांत श्रद्धा होती आणि त्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानीत. त्यामुळे त्यांनी संतपरंपरेच्या छंदांत ख्रिस्तभक्ती गायली. भजन आणि कीर्तन यांनाही त्यांनी उपासनेत व उपदेशात स्थान दिले. 'अभंगांजली' हा त्यांचा अभंगसंग्रह प्रसिद्ध आहे. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची अनेक गीते असून ती आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात.

१९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. 'वनवासी फूल', 'सुशीला' आणि 'केवढे हे क्रौर्य' या त्यांच्या धर्मोपदेशापलीकडील उल्लेखनीय रचना होत. इतरांमधील गुण हेरून त्यांना आधार देणे हाही त्यांच्या सेवेचाच भाग होता. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, यांना त्यांनी आपल्या घरी पुत्रवत ठेवून घेतले होते.

देवाचा दरबार

मिशनच्या वेतनावर राहून केलेली सेवा लोकांना परक्यांची चाकरी वाटते, ही खंत टिळकांना होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ते साताऱ्यास राहू लागले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' या नावाने ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ उभारण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. या कार्यासाठी त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

ख्रिस्तायन

येशू ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले. परंतु सुमारे ११ अध्यायांनंतर ते अपुरे राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुढील ६४ अध्याय रचले आणि पुत्र देवदत्त यांनी शेवटचा अध्याय लिहून ग्रंथ पूर्णत्वास नेला. टिळकांचे गुणदोष, त्यांचा उतावळा स्वभाव, व्यवहारातील बेफिकिरी आणि परोपकारी वृत्ती यांचे मनोज्ञ चित्रण लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आढळते.