पेपरची सरकारी नोंदणी केली नाही, पण गांधीजींनी त्यावर स्वतःचं नाव-पत्ता छापला आणि एक प्रत थेट पोलीस कमिशनरला पाठवली

वेबसाईट काढायची म्हटली की आधी डोमेन घ्यावं लागतं. डोमेन घेताना एक फॉर्म येतो. नाव, पत्ता, ईमेल, मोबाईल नंबर. बरेच जण तो घाईघाईत भरतात. कुणी वेबसाईट बनवून देणाऱ्या पोराचाच ईमेल टाकतो, तर कुणी स्पॅम कॉल नकोत म्हणून खोटा नंबर देतो.

शंभर वर्षांपूर्वी वेबसाईट नव्हत्या, पेपर होते. पण पेपर काढायला सुद्धा असाच कागद भरावा लागायचा. त्या कागदाशी ज्यांचा आयुष्यभर संबंध आला असे एक संपादक म्हणजे महात्मा गांधी.

२ ऑक्टोबर १८६९ ला पोरबंदरला जन्म, लंडनला जाऊन बॅरिस्टर आणि १८९३ ला दक्षिण आफ्रिका, हे सगळ्यांना माहीत असतं. नोंदणी या विषयावरून त्यांची पहिली मोठी लढाई झाली ती याच आफ्रिकेत.

१९०७ ला ट्रान्सवाल सरकारने कायदा आणला. तिथल्या आशियाई लोकांनी आपली नोंदणी करायची, बोटांचे ठसे द्यायचे आणि दाखला कायम जवळ बाळगायचा. गांधीजींनी विरोध केला आणि जानेवारी १९०८ मध्ये ते पहिल्यांदा तुरुंगात गेले. पुढे जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. भारतीयांनी आपणहून नोंदणी करायची आणि मग सरकारने कायदा मागे घ्यायचा, असं गांधीजी समजून चालले.

१० फेब्रुवारी १९०८ ला ते नोंदणी करायला निघाले. काही लोकांना ही तडजोड म्हणजे फितुरी वाटत होती. वाटेत मीर आलम या पठाणाने आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना बेदम मारलं. गांधीजींना पाद्री डोक यांच्या घरी नेण्यात आलं. तिथं त्यांनी नोंदणी अधिकाऱ्याला कागद घेऊन बोलावलं आणि अंथरुणावर पडून बोटांचे ठसे दिले. शब्द दिला होता, तो पाळला.

सरकारने मात्र कायदा मागे घेतला नाही. मग १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात लोकांनी आपले दाखले जाळले. म्हणजे नोंदणी जबरदस्तीची असेल तर गांधीजींचा विरोध असायचा, पण नोंदणी करायचीच ठरलं तर माहिती खरीच द्यायची.

आता पेपरचा किस्सा

भारतात १८६७ पासून छापखाने आणि पेपरांच्या नोंदणीचा कायदा होता. पेपरच्या मुद्रकाने आणि प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटसमोर जाहीरपत्र द्यायचं. पेपर कोण छापतं, कोण प्रकाशित करतं आणि कुठून, हे त्यात लिहायचं. छपाईची जागा बदलली तर जाहीरपत्र पुन्हा नव्याने. पेपरच्या प्रत्येक अंकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापायचं. यात चूक केली तर दंड आणि तुरुंगवास.

१९१९ ला रौलट कायदा आला. त्याला विरोध म्हणून गांधीजींनी ७ एप्रिल १९१९ ला मुंबईत 'सत्याग्रही' नावाचं छोटं साप्ताहिक काढलं. ते मुद्दाम नोंदणी न करता काढलं होतं. कायदा मोडायचा हाच तर उद्देश होता.

आता बेकायदा पेपर म्हटला की माणूस नाव लपवणार. इथं उलटं झालं. पेपरवर संपादक म्हणून मोहनदास करमचंद गांधी हे पूर्ण नाव होतं. खाली पत्ता, लॅबर्नम रोड, गावदेवी, मुंबई. पेपर दर सोमवारी सकाळी १० वाजता निघणार, हेही छापलं होतं. वर गांधीजींनी त्याची एक प्रत पत्रासोबत पोलीस कमिशनर ग्रिफिथ यांना पाठवली. पोलिसांना शोधाशोध करायचं काम ठेवलंच नाही.

नावामुळे मुद्रकही येरवड्यात

त्याच वर्षी 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया' ही दोन साप्ताहिकं गांधीजींच्या हाती आली. ती रीतसर नोंदलेली होती. 'यंग इंडिया'चे संपादक गांधीजी, तर मुद्रक आणि प्रकाशक होते शंकरलाल बँकर.

'यंग इंडिया'तल्या तीन लेखांवरून सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. १० मार्च १९२२ ला साबरमतीत दोघांना अटक झाली. कोर्टात गांधीजींनी आपला धंदा शेतकरी आणि विणकर असा सांगितला. १८ मार्चला अहमदाबादच्या सर्किट हाऊसमध्ये न्यायाधीश ब्रूमफिल्ड यांच्यासमोर दोघांनी गुन्हा कबूल केला. गांधीजींना सहा वर्षं साधी कैद झाली. बँकर यांना एक वर्ष कैद आणि १ हजार रुपये दंड.

लेख लिहिले गांधीजींनी, मग बँकर का अडकले? तर नोंदीत नाव होतं म्हणून. मॅजिस्ट्रेटकडच्या जाहीरपत्राची प्रमाणित प्रत कोर्टात पुरावा म्हणून चालायची. तो मी नव्हेच, असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच माणसावर. पेपरचं काम सोडलेल्या माणसाने नवं जाहीरपत्र दिलं नाही, तर कागदोपत्री जबाबदार तोच राहायचा.

दोघांची रवानगी झाली पुण्याच्या येरवडा जेलमध्ये. जानेवारी १९२४ मध्ये गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन ससून हॉस्पिटलमध्ये झालं आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडलं.

मिठाच्या सत्याग्रहानंतर १९३० मध्ये ते पुन्हा येरवड्यात आले. तिथून ते आश्रमाला दर आठवड्याला पत्र लिहायचे. जेलचा पत्ता लिहायचे येरवडा मंदिर. १९३२ मध्ये पुन्हा येरवडा. तिथलं उपोषण आणि पुणे करार झाल्यावर ११ फेब्रुवारी १९३३ ला पुण्यातून 'हरिजन' साप्ताहिक सुरू झालं. गांधीजी जेलमधून लेख पाठवायचे. संपादक म्हणून नाव होतं बाहेर राहून काम बघणाऱ्या आर. व्ही. शास्त्रींचं. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, तोपर्यंत 'हरिजन' हेच त्यांचं पत्र होतं.

मग डोमेनचं काय?

१८६७ चा तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. डोमेनची नोंद मात्र जगभर आयकॅन या संस्थेच्या नियमांवर चालते आणि डॉट इन डोमेन आपल्याकडे निक्सी सांभाळते.

तत्त्व तेच आहे. नोंदीत ज्याचं नाव, तो मालक. डोमेनची मुदत संपत आल्याचा मेल नोंदवलेल्या ईमेलवर जातो. डोमेन दुसरीकडे हलवायचं असेल तर खात्री करणारा मेलही तिथंच. तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या पोराचा असेल, तर दुकान तुमचं आणि किल्ली त्याच्याकडे.

आयकॅनच्या नियमानुसार रजिस्ट्रार कंपनीला वर्षातून एकदा ग्राहकाला माहिती तपासायची आठवण करावी लागते. मुद्दाम खोटी माहिती दिली, किंवा माहितीबद्दल विचारल्यावर १५ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर डोमेन बंद होऊ शकतं. नाव-नंबर जगजाहीर होईल ही भीती असेल, तर २०१८ पासून बहुतेक ठिकाणी खासगी माणसांची माहिती लोकांना दिसत नाही. त्यामुळे खोटा नंबर टाकायचं कारणही उरत नाही.

म्हणून ती वार्षिक आठवणीची मेल आली की डिलीट करू नका. उघडा, नाव आणि ईमेल आपलेच आहेत का बघा, नंबर बदलला असेल तर नवा टाका. दोन मिनिटांचं काम आहे.