टायको ब्राहे आणि नवा तारा

आपण रोज रात्रीं तेच तारे पाहतों, म्हणून त्यांकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं. परंतु ज्याला ते खरोखर पाठ असतात, त्याला त्यांत एक जरी अधिक झाला तरी तत्काळ कळतें. अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही आमच्या वाचकांस थोडक्यांत सादर करीत आहों.

टायको ब्राहे याचा जन्म डेन्मार्कमधील एका सरदार घराण्यांत इ. स. १५४६ च्या डिसेंबरांत झाला. त्याचें पालन चुलत्यानें केलें. मुलानें कायदा शिकून राजदरबारीं मान मिळवावा, अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु १५६० सालीं आधीं वर्तविलेलें सूर्यग्रहण झालेलें पाहून त्याचें मन ज्योतिषाकडे ओढलें. पुढें लाइपझिग येथें तो दिवसां कायदा शिके, आणि शिक्षक निजल्यावर मुठीएवढ्या लहानशा खगोलावरून तारे ओळखी. १५६३ सालीं गुरु व शनि यांची युति झाली, तेव्हां जुन्या कोष्टकांत सुमारें एक महिन्याची व नव्यांत कांहीं दिवसांची चूक त्यास आढळली. काळजीपूर्वक मोजमाप केल्यावांचून हें शास्त्र सुधारणार नाहीं, अशी त्याची खात्री झाली.

इ. स. १५७२ च्या नोव्हेंबरच्या ११ तारखेस सायंकाळीं तो हेरेवाड येथील मामाच्या रसायनशाळेंतून जेवावयास परत येत होता. सहज वर पाहतो तों शर्मिष्ठेच्या ताऱ्यांजवळ शुक्रासारखा तेजस्वी असा एक अनोळखी तारा! त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यानें बरोबरच्या नोकरांस विचारलें, वाटेनें जाणाऱ्या शेतकऱ्यांसही विचारलें. सर्वांस तो दिसत होता.

आतां प्रश्न मोठा होता. चंद्रापलीकडील आकाशांत कधींही बदल होत नाहीं, असें ॲरिस्टॉटलपासून सर्व विद्वान मानीत आले होते. मग हा तारा चंद्राच्या अलीकडचा कीं पलीकडचा? डोळ्यांसमोर बोट धरून आळीपाळीनें एकेक डोळा मिटला, तर जवळचें बोट सरकल्यासारखें दिसतें. दूरचें झाड तितकें सरकत नाहीं. त्याचप्रमाणें डोक्यावरचा चंद्र क्षितिजाजवळ येईपर्यंत, स्वतःच्या गतीखेरीज, ताऱ्यांमध्यें जवळ जवळ एक अंश सरकलेला दिसतो. टायकोनें आपल्या यंत्रानें नव्या ताऱ्याचें शेजारच्या ताऱ्यांपासून अंतर वारंवार मोजलें. तें मुळींच बदललें नाहीं. अर्थात् तारा चंद्राच्या पुष्कळच पलीकडे होता!

त्याच वेळीं जर्मनींत मायकेल मेस्टलिन या तरुण विद्यार्थ्यापाशीं यंत्र नव्हतें. त्यानें केवळ एक दोरा डोळ्यांसमोर ताणून नवा तारा शेजारच्या ताऱ्यांशीं सरळ रेषेंत येतो कीं नाहीं हें पाहिलें, आणि त्याचाही निर्णय तोच ठरला.

पुस्तक लिहिणें सरदारास शोभत नाहीं असें टायकोस प्रथम वाटलें. पण मित्रांच्या आग्रहावरून त्यानें १५७३ सालीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. आरंभीं भर दिवसांही दिसणारा तो तारा पांढऱ्याचा पिंवळा, मग तांबूस होत १५७४ च्या मार्चमध्यें दिसेनासा झाला.

पुढें डेन्मार्कच्या राजानें दिलेल्या ह्वेन बेटावर टायकोनें वीस वर्षें वेध घेतले. तो स्वभावानें तापट होता. तारुण्यांत द्वंद्वयुद्धांत नाकाचा कांहीं भाग गमावून बसला होता. नव्या राजाशीं न पटल्यानें त्यास देश सोडावा लागला, व १६०१ सालीं प्राग येथें त्याचें देहावसान झालें. पृथ्वी फिरते हें त्यानें कधींच मानलें नाहीं. तरी त्याच्याच वेधांवरून मेस्टलिनचा शिष्य केप्लर यानें ग्रहांचे खरे मार्ग शोधून काढले.

२००८ सालीं त्याच ताऱ्याचा दूरच्या धूलिमेघांवरून परावर्तित होऊन उशिरां पोंचलेला प्रकाश ज्योतिर्विदांनीं तपासला. तो ताऱ्याचा जन्म नसून एका जुन्या ताऱ्याचा स्फोट होता, हें त्यावरून निश्चित झालें.

डिसेंबरांत रात्रीं उत्तरेकडे पाहिलें असतां शर्मिष्ठेचे पांच तारे आपल्या अंगणांतूनही दिसतात. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ते पाठ करून ठेवावे. टायकोस नवा तारा ओळखतां आला, तो जुने तारे त्यास ओळखीचे होते म्हणूनच. आणि स्वतःच्या डोळ्यांची खात्री करून घेण्यासाठीं वाटेवरच्या शेतकऱ्यास विचारण्यांत त्या सरदारास कमीपणा वाटला नाहीं.