भास्कराचार्य आणि त्रिकोणाचें क्षेत्रफळ

आमच्या ठाणें-कल्याण भागांतील विद्यार्थ्यांस अंबरनाथाचें प्राचीन शिवालय परिचित आहेच. शिलाहार राजांच्या अमदानींतील तें देवालय इ. स. १०६० चें होय. त्यानंतर ५४ वर्षांनीं, म्हणजे १११४ सालीं, सह्याद्रीच्या आश्रयास राहणाऱ्या एका विद्वान् घराण्यांत भास्कराचार्यांचा जन्म झाला. त्यांचे पिते महेश्वर हेच त्यांचे गुरु. वयाच्या ३६ व्या वर्षीं, ११५० मध्यें, त्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचिला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग होय.

'लीलावतीं'त १४ पाया व १३ आणि १५ भुजा असलेला एक त्रिकोण आहे. भुजांच्या बेरजेस त्यांच्या वजाबाकीनें गुणून पायानें भागिलें असतां ४ येतात. हे ४ पायांत मिळवून व पायांतून वजा करून निमपट केली कीं पायाचे ९ व ५ असे दोन खंड मिळतात. त्यांवरून लंब १२ आणि क्षेत्रफळ ८४ येतें.

येथून आमचा विद्यार्थी सहज पुढें जाऊं शकेल. अंतर्वर्तुळाच्या मध्यापासून तिन्ही कोनबिंदूंस रेषा काढल्यास तीन लहान त्रिकोण होतात, व त्या सर्वांची उंची त्या वर्तुळाची त्रिज्याच असते. म्हणून ८४ ला अर्धपरिमिति २१ नें भागतां ती त्रिज्या ४ येते. तिन्ही बाजूंचा गुणाकार २७३० यास क्षेत्रफळाच्या चौपटीनें, म्हणजे ३३६ नें, भागिलें कीं परिवर्तुळाची त्रिज्या ८ पूर्णांक १/८ मिळते. वर्तुळांतील त्रिकोणाचा विचार आचार्यांनींही केला आहे. २००० व्यासाच्या वर्तुळांतील समभुज त्रिकोणाची बाजू त्यांनीं १७३२ पूर्णांक १/२० अशी दिली आहे.

परंतु आचार्यांची खरी थोरवी पुढेंच दिसते. बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याची जुनी रीत पूर्वाचार्य त्रिकोणाप्रमाणें चौकोनासही लावीत. भास्कराचार्यांनीं दाखविलें कीं, तीन बाजू ठरल्या म्हणजे त्रिकोण ठरतो, चौकोन मात्र चार बाजूंनीं ठरत नाहीं. प्रत्येक बाजू २५ घेतली, तर कर्ण ३० व ४० असतां क्षेत्रफळ ६०० भरतें. कर्ण १४ व ४८ असतां तें ३३६ च भरतें. जुन्या रीतीनें मात्र दोहोंचें उत्तर ६२५ च येतें! कर्ण न सांगतां क्षेत्रफळ विचारणारा व तें सांगणारा, अशा दोघांचाही आचार्यांनीं कडक शब्दांत निषेध केला आहे. परंपरेविषयीं आदर होता, तरी सत्यापुढें त्यांनीं भीड धरिली नाहीं.

कल्याणहून नाशिकवरून जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगांव लागतें. त्याच्याजवळ पाटण येथें आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला. त्यास १२०७ मध्यें दान मिळाल्याचा शिलालेख तेथें आहे.

विद्यार्थिमित्रहो, सूत्रें अवश्य पाठ करावीं. परंतु प्रत्येक सूत्र कोठें लागू पडतें व कोठें पडत नाहीं, हें विचारल्यावांचून तें वापरूं नये, इतका बोध या चरित्रापासून आपण घेऊं या.