सोनं शोधायला गेलो, प्रमथनाथ बोस सापडले

दिवाळीच्या सुट्टीत रूममेटच्या गावी, केशोरीला गेलो होतो. गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव मिरचीसाठी फेमस आहे. मी मायनिंगला आहे हे कळल्यावर रूममेटच्या आजोबांनी कपाटातून जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक दगड काढला. पांढरीशुभ्र गार आणि तिच्यात चमचमणारे पिवळे दाणे. कधीकाळी बांधी खणताना सापडला होता. ते सोनंच आहे अशी आजोबांची खात्री होती. नातवाच्या फीसाठी बांधी विकायची वेळ आली होती. विकू की थांबू, एवढंच त्यांनी मला विचारलं.

मित्रांनो, व्हायवाला सुद्धा मी इतका गप्प बसलो नव्हतो. दगडाचा एक तुकडा घेऊन होस्टेलला आलो आणि थेट लायब्ररी गाठली.

आजोबांची शंका अगदीच वेडगळ नव्हती हे आधी कळलं. भंडारा, गोंदिया आणि नागपूर जिल्ह्यांत साकोली समूहाचे फार जुने खडक आहेत. जमिनीत खोलवर गरम पाणी खडकांच्या भेगांमधून वर चढतं, थंड होताना त्यातली सिलिका भेगेत बसते आणि गारेची शीर तयार होते. कधी कधी त्याच पाण्यातून थोडं सोनंही येतं. नागपूर जिल्ह्यातल्या परसोडीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला असं सोनं मिळालेलं आहे. शेजारच्या बालाघाटकडे नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारी सोनझरी नावाची जातच होती. पण शिरेतलं सोनं मोजतात ते एका टनामागे ग्रॅममध्ये, आणि ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतही नाही.

हे सगळं वाचताना, आपल्या भागाचा सर्व्हे जुन्या काळी केला कोणी, हा प्रश्न पडला. तेव्हा प्रमथनाथ बोस हे नाव समोर आलं आणि सोनं बाजूलाच राहिलं.

प्रमथनाथांचा जन्म 1855 चा, बंगालमधल्या गैपूर या खेड्यातला. कृष्णनगर आणि कलकत्त्याला शिकून ते 1874 मध्ये गिलख्रिस्ट स्कॉलरशिपवर इंग्लंडला गेले. लंडन विद्यापीठाची पदवी घेतली आणि रॉयल स्कूल ऑफ माइन्समधून पास होऊन 1880 मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणात वरच्या श्रेणीचे अधिकारी म्हणून रुजू झाले. या हुद्द्यावर घेतलेले ते पहिलेच भारतीय. वय पंचवीस, म्हणजे आपल्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठे!

पहिलं मोठं काम नर्मदेच्या खोऱ्यात झालं. मग ते मध्य प्रांताच्या पूर्व भागात उतरले. रेल्वे नाही, रस्ते नाहीत, जंगल आणि हिवताप. तिथे 1887 च्या सुमारास, तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यात, त्यांनी दल्ली-राजहराच्या लोहखनिजाची नोंद केली. केशोरीहून सरळ पूर्वेला गेलं की छत्तीसगडात हे डोंगर लागतात. रिपोर्ट लिहिला, नकाशा रंगवला गेला, आणि पुढची पंधरा वर्षं त्याकडे कोणी फारसं बघितलंच नाही.

पुढचा किस्सा नागपुरातला आहे. जमशेटजी टाटांना पोलाद कारखाना काढायचा होता. त्यांची माणसं चांदा जिल्ह्यात खनिज शोधून निराश झाली होती. बेत सोडला हे सांगायला दोराबजी टाटा नागपूरला सरकारी कचेरीत गेले. साहेब भेटेना म्हणून वेळ काढायला समोरच्या म्युझियममध्ये, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात शिरले. तिथे मध्य प्रांताचा रंगीत नकाशा होता आणि दुर्गकडचा भाग लोखंडासाठी गडद दाखवला होता. शोध पुन्हा सुरू झाला. डोंगरात खनिज भरपूर निघालं, पण कोळसा आणि पाणी सोयीचं नव्हतं, म्हणून तेवढ्यापुरता तो विषय थांबला. पुढे भिलाईच्या कारखान्याने याच दल्ली-राजहराचं खनिज कित्येक दशकं वापरलं.

इकडे बोसांच्या नोकरीत काय झालं? 1903 मध्ये संचालकपद त्यांच्याहून दहा वर्षांनी ज्युनिअर असलेल्या थॉमस हॉलंड यांना मिळालं. बोसांनी भांडत बसण्यापेक्षा नोकरी सोडली. ते मयूरभंज संस्थानात गेले आणि तिथे गोरुमहिसानीचा लोखंडाचा डोंगर शोधला. मयूरभंजच्या अहवालात नदीच्या वाळूत मिळणाऱ्या सोन्याचीही नोंद आहे. पण 24 फेब्रुवारी 1904 ला त्यांनी जमशेटजींना पत्र लिहिलं ते लोखंडाबद्दल. मला इथे हा माणूस आवडला. चमकतं काय हे त्यांना दिसत होतंच, पण उपयोगाचं काय हे त्यांनी सांगितलं. टाटांची पोलाद कंपनी 1907 मध्ये स्थापन झाली आणि 1912 मध्ये साकची इथे पोलाद निघालं. साकची म्हणजे आजचं जमशेदपूर.

1906 मध्ये कलकत्त्यात बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तिचे पहिले मानद प्राचार्य बोसच होते, आणि जादवपूर विद्यापीठाचं मूळ तिथपर्यंत जातं. 1934 मध्ये ते वारले. ज्या खुर्चीवर त्यांना बसू दिलं नाही ती आज कोणाच्या लक्षातही नाही. पण त्यांनी खनिज दाखवलं तिथे डोंगरच्या डोंगर खणले गेले.

हे वाचून झाल्यावर आजोबांच्या दगडाकडे बघायला थोडी हिंमत आली. लॅबमध्ये बिनचकाकीच्या पांढऱ्या फरशीवर तुकडा घासला. सोन्याची रेघ पिवळी उमटते, ही हिरवट काळी उमटली. दाणा हातोडीने ठोकला. सोनं चपटं होतं, याचा भुगा झाला. पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक. खात्री करायला सरांना दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं.

फोन करायला दोन दिवस लावले. कदाचित असेल, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती आणि आजोबा खूश झाले असते. पण मग ते दगडाच्या भरवशावर आणखी किती वर्षं काढणार होते? शेवटी रिपोर्ट दिल्यासारखं सगळं सांगितलं. रेघ कशी आली, भुगा कसा झाला, आणि या दगडात सोनं दिसत नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी एज्युकेशन लोनचे कागद कुठे मिळतात ते विचारलं. लोनचा अर्ज गेला आहे आणि बांधी अजून विकलेली नाही.

उरलेला तुकडा मात्र परत आण, असं त्यांनी बजावून सांगितलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत घेऊन जाणार आहे.